जिजाऊंचा करंडक आणि कोराडीची नऊ नंबरची जर्सी

१/
राष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धेतील विजेत्या संघाला जो करंडक दिला जातो, त्याचे नाव राजमाता जिजाबाई करंडक. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १९९० च्या दशकाच्या आरंभी महिला फुटबॉल आपल्या अधिकाराखाली घेतला, तेव्हापासून ही स्पर्धा खेळली जाते. मणिपूरने ती वीसहून अधिक वेळा जिंकली. बंगाल, तमिळनाडू, ओडिशा आणि रेल्वे यांचीही नावे त्या करंडकावर आहेत. महाराष्ट्राचे नाव एकदाही नाही.

२/
जिजाऊंचा जन्म १५९८ मध्ये सिंदखेडराजा येथे झाला, म्हणजे विदर्भात. जानेवारीत त्यांच्या जयंतीला राज्यभर मिरवणुका निघतात, भाषणे होतात. त्यांच्या नावाच्या राष्ट्रीय करंडकावर त्यांच्या मातीचे नाव का नाही, हा प्रश्न त्या भाषणांत कधी येत नाही.

३/
प्रश्न विचारलाच, तर तीन ठरावीक उत्तरे मिळतात. महिला फुटबॉल आपल्याकडे अजून नवा आहे. आपल्या मुलींची शरीरयष्टी या खेळासाठी नाही. आणि मुलींचा खेळ पाहायला येतो कोण? ही तिन्ही उत्तरे इतिहासाच्या कसोटीवर खोटी ठरतात. खरे उत्तर चौथे आहे आणि ते पगाराच्या पावतीवर लिहिलेले असते.

४/
ते उत्तर एका ठिकाणी उभे राहून पाहावे, म्हणून कोराडी निवडू. नागपूरच्या उत्तरेला, कामठी तालुक्यातले हे गाव. महालक्ष्मी जगदंबेचे देवस्थान, तलाव आणि १९७४ पासून वीज देणारे औष्णिक विद्युत केंद्र ही त्याची ओळख. आज तेथे ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांच्या चिमण्या नागपूरच्या वेशीवरूनही दिसतात.

हा परिसर फुटबॉलला परका नाही. शेजारच्या कामठीत १८२१ पासून लष्करी छावणी आहे, आणि छावणीच्या गावांत फुटबॉल जसा रुजतो तसा तो कामठीतही रुजला. रब्बानी क्लबचे नाव विदर्भातल्या फुटबॉलप्रेमींना वेगळे सांगावे लागत नाही.

५/
कोराडीच्याच बाजूला बोखारा आहे. ‘स्लम सॉकर’ या संस्थेचे काम तेथून चालते. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ मध्ये भर पावसात झोपडपट्टीतली मुले फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली, आणि त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभा राहिला. २०१६ मध्ये या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांनी त्यावर ‘झुंड’ केला. मुलीही या मैदानावर खेळल्या, खेळतात.

म्हणजे मैदान आहे, परंपरा आहे, प्रशिक्षक आहेत. कमी काय पडते?

६/
एक कल्पना करू. कोराडीत एक पंधरा वर्षांची मुलगी आहे. डाव्या पायाने मारते, बचावपटूच्या पाठीमागची मोकळी जागा तिला आधी दिसते, गोलसमोर ती घाबरत नाही. नऊ नंबरची जर्सी, म्हणजे स्ट्रायकर. या मुलीला नाव देण्याची गरज नाही. तिला फक्त वेगवेगळ्या सालांत उभे करून पाहायचे आहे: १९७५, १९९१, २००९, २०१७, २०२४. खेळ तोच, पाय तोच. प्रत्येक साली तिच्यापुढे कोणती कारकीर्द होती?

७/
त्याआधी “पाहायला येतो कोण” या प्रश्नाचा निकाल लावून टाकू.

२६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूलचे गुडिसन पार्क मैदान. प्रेस्टन येथील डिक, कर या कारखान्यातल्या कामगार मुलींचा संघ सेंट हेलेन्सच्या मुलींविरुद्ध खेळला. प्रेक्षक ५३,०००. जमलेला पैसा धर्मादायाला. त्या संघात लिली पार नावाची किशोरवयीन आघाडीपटू होती. तिने पुढे शेकडो गोल केले आणि पोटासाठी मनोरुग्णालयात परिचारिकेची नोकरी केली.

वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना अयोग्य असल्याचे ठरवून आपल्या अखत्यारीतील मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी सुमारे अर्धशतक टिकली. ब्राझीलमध्ये अशी बंदी १९४१ मध्ये कायद्याने आली, पश्चिम जर्मनीत १९५५ मध्ये संघटनेच्या ठरावाने.

प्रेक्षक नव्हते म्हणून बंदी आली असे कोणी म्हणेल, तर त्याने ५३,००० हा आकडा पुन्हा वाचावा.

८/
१९७१ मध्ये मेक्सिकोत महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. फिफाची मान्यता तिला नव्हती. अंतिम सामन्याला अझ्टेका मैदानावर सुमारे एक लाख दहा हजार लोक होते. डेन्मार्कने यजमानांना ३-० असे हरवले. तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसन या पंधरा वर्षांच्या मुलीचे. डेन्मार्कच्या फुटबॉल संघटनेने तोवर महिलांना आपल्यात घेतलेही नव्हते. सुझान इटलीला गेली, कारण तेथे महिला फुटबॉलपटूला पैसे देणारे क्लब होते, आणि तेथे तिची दीर्घ कारकीर्द झाली.

प्रतिभा तिच्याकडे डेन्मार्कमध्येही होती. कारकीर्द तिला इटलीत मिळाली. हा फरक लक्षात ठेवावा. पुढचा सगळा वाद त्याच्यावरच उभा आहे.

९/
आता १९७५. कोराडीतले वीज केंद्र नुकतेच सुरू झाले आहे आणि आपली नऊ नंबरची जर्सी पंधरा वर्षांची आहे.

याच वर्षी भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला आणि लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. भारतीय संघाचे प्रशिक्षक होते बंगालचे सुशील भट्टाचार्य. “खेळ नवा आहे” असे २०२५ मध्ये म्हणणाऱ्याला अर्धे शतक मोजता येत नाही, एवढेच म्हणावे लागेल.

१०/
आणि हा संघ नुसता हौशी नव्हता. १९८० मध्ये कालिकतला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. यजमान म्हणून भारताने दोन संघ उतरवले. त्यांतला एक अंतिम फेरीत पोहोचला आणि चिनी तैपेईकडून ०-२ असा हरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला भारत तिसरा आला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा उपविजेतेपद. या वेळी विजेता थायलंड.

चार वर्षांत आशियातील तीन पदके! पुरुषांच्या फुटबॉलने त्या काळात आशिया चषकात काय केले, याची तुलना ज्याची त्याने करावी.

११/
गोव्याची योलांडा डिसूझा त्या पिढीतली आघाडीपटू. भारताकडून खेळली, गोल केले. आज गोव्यात तिचे नाव घेतले तर अनेकांना चित्रकार आणि कलादालन चालवणारी योलांडा आठवते. तिच्या दुसऱ्या आयुष्याबद्दल आदरच आहे. पण आशियाई उपविजेत्या संघाच्या स्ट्रायकरची पहिली ओळख पुसली जाते, तेव्हा त्यात तिचा दोष नसतो.

बंगालच्या शांती मल्लिक यांना १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला अर्जुन. दुसरा मिळाला ओइनाम बेमबेम देवी यांना, २०१७ मध्ये. मधे ३४ वर्षे.

१२/
त्याच काळात पुरुष स्ट्रायकर काय करत होता? तो नोकरी करत होता. हा मुद्दा महाराष्ट्राच्या फुटबॉल इतिहासाचा कणा आहे आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

भारतातला जुना फुटबॉल आजच्या अर्थाने व्यावसायिक नव्हता. तो कंपन्यांचा आणि कचेऱ्यांचा होता. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, रेल्वे यांचे संघ होते. खेळाडू हजेरीपटावर कारकून असे, दुपारनंतर मैदानावर असे, आणि महिनाअखेरीस त्याचा पगार घरी जात असे. भारताचा थोर आघाडीपटू पी. के. बॅनर्जी बहुतेक कारकीर्द पूर्व रेल्वेकडून खेळला. गुडघा गेला तरी नोकरी राहत असे. रोव्हर्स चषकापासून संतोष करंडकापर्यंत मुंबई-महाराष्ट्राच्या पुरुष फुटबॉलची इमारत या पगारावर उभी राहिली. संतोष करंडकावर मुंबई आणि महाराष्ट्र ही नावे कोरली गेली, ती त्यामुळेच.

१३/
म्हणून १९७५ मध्ये कोराडीतल्या मुलाला निदान एक स्वप्न परवडत होते: चांगले खेळलो तर कुठेतरी चिकटून जाऊ. घरच्यांनाही ते समजत होते. “खेळून पोट भरतं का?” या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होते.

नऊ नंबरच्या जर्सीकडे नव्हते. जे कारखाने आणि ज्या गिरण्या पुरुषांचे संघ पोसत होत्या, त्यांनी महिलांचे संघ बांधले नाहीत. मग विशीनंतर तिने काय करावे? आशियाचे रौप्यपदक सासरी कपाटात ठेवावे, इतकेच.

१४/
१९९१. फिफाने चीनमध्ये महिलांचा पहिला अधिकृत विश्वचषक भरवला. भारतात महिला फुटबॉल मुख्य महासंघाकडे आला. छत्र मिळाले, असे सर्वांनी मानले.

छत्राखाली काय घडले? २००९ मध्ये फिफाने आपल्या क्रमवारीतून भारतीय महिला संघाचे नाव वगळले. कारण पराभव नव्हते. दीड वर्षाहून अधिक काळ संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नव्हता. एकेकाळचा आशियाई उपविजेता देश खेळतच नाही, म्हणून यादीत नाही.

स्ट्रायकरचा बहराचा काळ साधारण अठरा ते तीस. त्या बारा वर्षांतली दोन वर्षे राष्ट्रीय संघाने कुलूप लावून ठेवली, तर ती भरून येत नाहीत. एखाद्या गायिकेला दोन वर्षे गाऊ नको म्हटले, तरी ती घरी रियाज करू शकते. स्ट्रायकरला समोर बचावपटू लागतो.

१५/
मग मणिपूरचे काय, असा प्रश्न येतो, आणि त्याबरोबर “त्यांची शरीरयष्टीच वेगळी” हे दुसरे उत्तर येते. हे उत्तर कौतुकाचा आव आणते, म्हणून अधिक धोकादायक आहे. मणिपुरी स्त्रियांचे सारे कष्ट ते वंशाच्या खात्यावर जमा करते आणि महाराष्ट्रातल्या प्रशासकांना जबाबदारीतून मोकळे करते.

बाला देवी यांचे उदाहरण घ्यावे. जन्म १९९०, गाव मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यात. पंधराव्या वर्षी राष्ट्रीय संघात. भारताकडून सर्वाधिक गोल करणारी महिला. आणि नोकरी मणिपूर पोलिसांत. बेमबेम देवी यांची नोकरीही मणिपूर पोलिसांतच. ज्या राज्याने स्ट्रायकरला पगार दिला, त्या राज्याने करंडक नेला. रेल्वेने महिला खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. रेल्वेचेही नाव करंडकावर आहे. यात हाडांचा आणि रक्ताचा काही संबंध दिसत नाही.

१६/
जानेवारी २०२० मध्ये बाला देवी यांनी ग्लासगोच्या रेंजर्स क्लबशी करार केला. युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला. दहा नंबरची जर्सी मिळाली, आणि डिसेंबरात मदरवेलविरुद्ध पहिला गोलही आला.

बातमी आनंदाची होती. पण तारीख पाहावी. तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. युरोपात स्ट्रायकरचे मोल ज्या वयात ठरते, ती वर्षे देशात आठवड्या-दोन आठवड्यांच्या स्पर्धा खेळण्यात गेली होती. “पहिली भारतीय महिला” हा मथळा अभिमानाने छापला गेला. त्यात दडलेली कबुली कोणी वाचली नाही.

१७/
२०१७. भारतीय महिला लीगचा पहिला हंगाम. कोराडीची मुलगी पुन्हा पंधरा वर्षांची आहे आणि आता निदान ‘लीग’ हा शब्द आहे. प्रत्यक्षात अंतिम टप्पा दिल्लीच्या एकाच मैदानावर २८ जानेवारी ते १४ फेब्रुवारी चालला. अठरा दिवस! शाळेची दिवाळीची सुटी याहून फार लहान नसते.

तरी त्या टप्प्यात महाराष्ट्राचा एक संघ होता: एफसी पुणे सिटी. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, मूळ क्लबच बंद झाला. पुढे कोल्हापूरचा संघ आला, मुंबईचे आले, गेले. कोणताही टिकला नाही.

१८/
२०२२ हे साल स्वतंत्र प्रकरण मागते. त्या वर्षी महाराष्ट्र आशियाई महिला फुटबॉलचा यजमान होता. आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे भरला. भारत नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर इराणशी ०-० बरोबरीत राहिला. २३ जानेवारीला चिनी तैपेईशी सामना होता. कालिकतच्या अंतिम सामन्यातला तोच प्रतिस्पर्धी. तो झालाच नाही. संघात करोना शिरला, नियमाप्रमाणे लागणारे तेरा खेळाडू उभे करता आले नाहीत आणि यजमान देश आपल्याच घरी स्पर्धेबाहेर गेला.

ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले. त्या वेळी केरळच्या गोकुलम क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. भांडण पुरुष पदाधिकाऱ्यांच्या खुर्च्यांचे. मैदानाबाहेर राहिल्या त्या लीग जिंकून गेलेल्या मुली.

ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आला. भारत तिन्ही सामने हरला: अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. अंतिम सामना पुन्हा डी. वाय. पाटीलवर झाला आणि स्पेनने कोलंबियाला हरवले. उत्तम गवत, उत्तम दिवे, उत्तम आसने. महाराष्ट्राने पाहुण्यांसाठी सारे केले.

१९/
२०२३-२४ मध्ये महिला लीग प्रथमच खऱ्या अर्थाने लीग झाली: घरच्या मैदानावर एक सामना, बाहेर एक. संघ सात. महाराष्ट्राचा एकही नाही. २०२४-२५ मध्ये संघ आठ. महाराष्ट्राचा एकही नाही. त्याच वर्षी, २०२४ च्या मे महिन्यात, मुंबईच्या पुरुष संघाने इंडियन सुपर लीगचा चषक दुसऱ्यांदा जिंकला.

सात संघ म्हणजे स्ट्रायकरला वर्षाला बारा सामने. २०२३ मध्ये महासंघाने ठरवले की, प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३,२०,००० रुपये द्यावेत. महिन्याला साधारण २६,६०० रुपये. हा निर्णय उशिराचा असला तरी योग्यच होता. मात्र कोराडीच्या मुलीने ते पैसे मिळवायचे, तर आधी भुवनेश्वर, कोलकाता, कोळिकोड किंवा बंगळूरची गाडी पकडायची. ज्या राज्यात तिने खेळ शिकला, त्या राज्यात तिला करार देणारा अव्वल क्लब नाही.

२०/
येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो, आणि त्याला बगल देणे योग्य नाही. नागपूरच्याच दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. मग फुटबॉलमध्ये का होत नाही? मुलीच कमी पडतात का?

वैयक्तिक खेळात जिद्दी कुटुंब संस्थेची जागा घेऊ शकते. आईवडील प्रवास करतात, प्रशिक्षक नेमतात, पदरचा पैसा घालतात. दिव्याचे यश त्यामुळे जराही लहान होत नाही. पण कोणतेही कुटुंब कितीही जिद्दी असले, तरी ते मुलीला दहा सहकारी, अकरा प्रतिस्पर्धी, पंच आणि हंगाम विकत आणून देऊ शकत नाही. सांघिक खेळात कुटुंबाची मर्यादा संपते, तेथे क्लब आणि राज्य सुरू व्हावे लागते.

२१/
क्रिकेटकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. महिला क्रिकेटची संघटना १९७३ ची, फुटबॉलच्या दोनच वर्षे आधीची; तिची पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात झाली. तिचीही उपेक्षा झाली, डब्यांतून अनारक्षित प्रवास तिनेही केला. पण रेल्वेने डायना एडलजींपासून मिताली राजपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या दिल्या. २००६ मध्ये बीसीसीआयने कारभार घेतला, २०२२ मध्ये सामन्याचे मानधन पुरुषांइतके झाले, २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग आली.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. मैदान तेच, डी. वाय. पाटील. ज्या गवतावर फुटबॉलच्या मुलींना तेरा जणी उभ्या करता आल्या नव्हत्या, त्याच गवतावर. आणि स्टँड भरलेले होते.

२२/
म्हणून जिजाऊंच्या करंडकाबद्दल बोलायचे असेल, तर मोजक्या गोष्टी मागाव्यात. पोलीस, वीज कंपन्या आणि राज्याची महामंडळे यांनी महिला फुटबॉलपटूंना क्रीडा कोट्यातून नोकऱ्या द्याव्यात आणि त्यांचे संघ उतरवावेत. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर यांपैकी निदान एका शहराने महिला लीगमधला क्लब पाच वर्षे बंद न करण्याची हमी द्यावी. जिल्हा संघटनेने मुलींची लीग आठ महिने चालवावी. चार दिवसांची ‘निवड चाचणी’ म्हणजे लीग नव्हे. कोराडीत वीज तयार करणाऱ्या यंत्रणेला एका संघाचा खर्च जड जाईल, असे कोणी गंभीरपणे म्हणणार नाही.

२३/
आणि मुली तयार आहेत का, या शेवटच्या शंकेबद्दल. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडच्या चिआंग माई शहरात आशिया चषकाच्या पात्रता फेरीचा निर्णायक सामना झाला. भारताने यजमान थायलंडला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर २-१ असे हरवले आणि पात्रता फेरीतून प्रथमच आशिया चषकाची मुख्य स्पर्धा गाठली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. बंगालच्या कल्याणीची ही खेळाडू सशस्त्र सीमा बलाच्या संघातून खेळलेली. १९८३ मध्ये बँकॉकला भारताचे विजेतेपद हिरावणारा संघ हाच होता. मधे बेचाळीस वर्षे गेली होती.